अलिबाग पायी पाहावे

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात भारतयात्रेची हौस वाढली आहे. अश्दोद, बेर-शेवा, डिमोना, लोद अशा गावांतून आजीआजोबा, मुले आणि नातवंडे अशी तिन्ही पिढ्यांची मंडळी एकत्र निघतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु या यात्रांची जी कार्यक्रमपत्रिका आखली जाते तिच्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहावेत, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. सर्वांनाच ते रुचतील असे नाही.

बहुतेक पत्रिकांत अलिबागच्या वाट्याला एक दिवस येतो, आणि तोही पुरता नव्हे. मुंबईहून पहाटे निघालेली वातानुकूलित गाडी प्रथम नवगावच्या कबरस्तानापाशी थांबते. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुषांची आणि सात स्त्रियांची कथा तेथे सांगितली जाते. मग खंडाळ्यास एलियाहू हनाबीचा टापा. तेथून अलिबागेत मागेन अबोथ सिनेगॉग, मलिदा, छायाचित्रे, जेवण. आणि दिवेलागणीच्या आत गाडी परतीच्या रस्त्याला. तीन पवित्र स्थळे पाहून झाली, कर्तव्य पार पडले.

या तिन्ही स्थळांविषयी माझ्या मनात अनादर नाही. टाप्याला नमन न करता मी स्वतः कधी परतलेले नाही. माझे म्हणणे इतकेच की आपल्या पूर्वजांचे जिणे या तीन स्थळांवर नव्हते. ते स्थळांच्या मधल्या अंतरात होते, आणि ते अंतर आपण काचा वर करून, गाणी लावून, बहुधा झोपेत कापतो. घाणा ज्या आळीत फिरत होता, वाल ज्या बाजारात विकले जात होते, ज्या शेजाऱ्याच्या ओटीवर बसून संध्याकाळी गप्पा होत होत्या, ते सारे गाडीच्या खिडकीतून दिसत नाही. त्यासाठी खाली उतरून चालावे लागते.

इस्राएलमध्ये वाढलेल्या मुलांना हे सांगण्याची गरजच पडू नये. येथील प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा तियुल निघतो. डोक्यावर टोपी, पाठीवर पाण्याची बाटली घेऊन मुले गालीलच्या टेकड्या आणि नेगेवच्या घळी पायांनी तुडवितात. देश पुस्तकातून नव्हे, चालण्यातून कळतो, हे तत्त्व या देशाच्या शिक्षणात इतके मुरलेले आहे की त्याची कोणी चर्चाही करीत नाही. मग हीच मुले आजोबांच्या गावी गेली की त्यांना एकदम पाहुण्यांसारखे गाडीत का बसविले जाते? मुंबईत अध्यापन-विद्यालयात असताना आम्हाला क्षेत्रभेटीविषयी शिकविले जाई की शिक्षकाने आधी स्वतः तो मार्ग चालून यावा, कोठे थांबायचे ते ठरवावे, आणि थोडे पाहावे पण नीट पाहावे. सहल आखणाऱ्यांनी यांतील शेवटची गोष्ट जरी पाळली तरी पुष्कळ होईल.

अलिबाग तर पायी पाहण्यासाठीच वसविल्यासारखे गाव आहे. इस्राएल आळीपासून समुद्रापर्यंत थांबत थांबत जाण्यास एक सकाळ पुरते. आळीतील सिनेगॉग प्रथम 1848 साली बांधले गेले आणि आजची वास्तू 1910 सालची आहे. मंडळी नेमकी तेवढीच पाहून परततात. परंतु सिनेगॉगच्या दारातून बाहेर पडल्यावर लगेच गाडीत न चढता आळीच्या शेवटापर्यंत जावे. आज तेथे आपली मोजकीच कुटुंबे उरली आहेत. जी घरे आहेत त्यांतील कित्येकांत आता दुसरी माणसे नांदतात. येथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. ही घरे आपल्यापासून कोणी हिसकावून घेतलेली नाहीत. अनेकांनी ती रीतसर विकली आणि मग ते निघाले. ‘हे आपले होते’ असे मोठ्याने म्हणत कोणाच्या ओटीवर चढणे, न विचारता छायाचित्रे घेणे, हे प्रकार मी पाहिले आहेत आणि ते मला आवडलेले नाहीत.

गेल्या हनुक्काच्या सुटीत मी माझ्या बहिणीच्या दोन नातवंडांना घेऊन त्या बाजूने चालले होते. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊची. दोघांना मराठीचे दहा शब्द येत असतील. एका घराच्या ओटीवर एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. आमच्याकडे पाहून त्यांनी हात थांबविला आणि विचारले, ‘तुम्ही कोणाकडच्या गो?’ मी माझ्या माहेरचे आडनाव सांगितले. त्यांनी सूप बाजूला ठेवले, आम्हाला बसविले, पाणी दिले, आणि लहानपणी शनिवारी शेजारच्या यहुदी घरात चूल पेटवून द्यायला आपली आई आपल्याला कशी पाठवीत असे ते सांगितले. वाटीभर खीर मिळायची म्हणून आम्हा भावंडांत जाण्यावरून भांडण व्हायचे, असेही म्हणाल्या. हे सर्व मी मुलांना हिब्रूत सांगत होते. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘मग आपण पळालो का?’

हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. आमच्या वर्गांत निर्वासनाचा जो इतिहास शिकविला जातो, त्यात यहुदी माणूस एखाद्या देशातून निघतो तो छळामुळे, जाळपोळीमुळे, राजाज्ञेमुळे. युरोपच्या बाबतीत ते सत्यच आहे आणि ते शिकविलेच पाहिजे. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर आपले लोक शतकानुशतके राहिले ते तेल गाळून, शेती करून, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव घेऊन. आणि 1948 नंतर ते निघाले ते येथे येण्याच्या ओढीने. हाकलले गेले म्हणून नव्हे. ही गोष्ट आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकाच्या साच्यात बसत नाही, म्हणून ती त्यांना कोणी सांगत नाही. सांगितली तरी पटत नाही. त्या ओटीवर ती पटली, कारण समोर बसलेली बाई काही सिद्ध करायला बसली नव्हती. तिला आपली खीर आठवत होती. 1964 साली आपल्या यहुदीपणाविषयीचा वाद क्नेसेटपर्यंत गेला होता, हे आज पन्नाशीच्या पुढच्या माणसांना ठाऊक आहे. ज्या समाजाला आपण कोण हे इतरांना पटवून द्यावे लागले, त्याच्या मुलांनी आपण कोठे आणि कोणामध्ये राहत होतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

आळीतून बाजारात यावे. हिवाळा असेल तर वालाचे ढीग दिसतात, आणि उन्हाळ्याकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या. या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या आजीने त्याला असल्या प्रशस्तिपत्राशिवायच मान दिला होता. वालाची मूठ मुलांच्या हाती देऊन त्यांना सांगावे की तिशा बेआवला आपल्या वाडवडिलांनी ‘बिरड्याचा सण’ हे नाव दिले होते. येरुशलायिमच्या मंदिराचा शोक आणि मोड काढून सोललेल्या वालाचे बिरडे या दोन गोष्टी एकाच दिवसाच्या नावात येतात, यातच आपला इतिहास आहे. मुलांना याचे हसू येते. येऊ द्यावे.

पुढे कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. 1729 साली हा पुरुष वारला. त्याच्या हयातीत इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांपैकी कोणालाही या किनाऱ्यावर निर्धास्त फिरता आले नाही. तलावाकाठचा हिराकोट त्याचाच. इंग्रजी अमलात तेथे कारागृह झाले. आपल्या मंडळींना आंग्रे हे ‘आपल्या’ विषयाबाहेरचे वाटतात, म्हणून गाडी तेथे थांबत नाही. परंतु आपले पणजोबा-खापरपणजोबा ज्या राज्यात राहिले, ज्याला सारा देत होते, ते राज्य हेच. 1840 मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले.

येथेच जुन्या कागदांतील एक घोळ मुलांना समजावून सांगावा. कित्येक आजोबांच्या कागदपत्रांत जन्मस्थान म्हणून ‘कुलाबा जिल्हा’ लिहिलेले असते. आजच्या नकाशावर तो जिल्हा सापडत नाही, आणि मुंबईचे कुलाबे मात्र सापडते. त्यामुळे आजोबा मुंबईत जन्मले असा समज होतो. 1981 साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जुने नाव ज्यावरून पडले तो कुलाबा म्हणजे अलिबागसमोर समुद्रात उभा असलेला किल्ला.

अलिबाग या नावाविषयी आपल्यांत एक कथा आवडीने सांगितली जाते. अली किंवा एली नावाच्या एका सधन बेने इस्राएलाच्या येथे आंब्यानारळाच्या बागा होत्या, म्हणून हे अलीचे बाग. कथा गोड आहे आणि ती सांगावी. पण कथा म्हणूनच सांगावी. इतिहास म्हणून छातीठोकपणे सांगितली की एखादे हुशार पोर पुरावा विचारते, आणि मग आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. खऱ्या गोष्टी आपल्याजवळ काही कमी नाहीत. आपली आडनावेच पाहा. किहीमकर, झिराडकर, थळकर, नवगावकर, नागावकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर. यांतील पहिली पाच गावे तर अलिबागच्या अगदी अवतीभोवती आहेत. आपला इतिहास लिहिणारे आणि 1875 साली मुंबईत इस्राएली शाळा काढण्यात पुढाकार घेणारे हाईम शमुएल केहिमकर यांचे आडनावही किहीमचेच. त्यांचे पुस्तक 1897 मध्ये लिहून झाले आणि छापले गेले 1937 मध्ये, तेही तेल अवीवमध्ये. येथील ज्या तरुणांनी सुटसुटीत हिब्रू आडनावे घेतली त्यांना मी दोष देत नाही. पण जुने आडनाव हा एक पत्ता होता, आणि तो पत्ता अजून त्या जागेवर आहे, हे एकदा त्या फाट्यावरची पाटी मुलांकडून वाचून घेऊन दाखवावे. देवनागरी येत नसेल तर अक्षर अक्षर लावून वाचावी.

समुद्राकडे वळण्यापूर्वी चुंबकीय वेधशाळा लागते. मुंबईच्या कुलाब्यात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप बिघडणार, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागेस आणले गेले. इमारत लोखंड न वापरता दगडात बांधलेली आहे. आपल्या समाजाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. काही नाही. पण विज्ञान आवडणारा नातू तेवढ्या एका कारणाने आजोबांच्या गावाला मान देऊ लागतो, हे मी पाहिले आहे.

आता किल्ल्याविषयी. शिवाजी महाराजांनी 1680 च्या सुमारास तो बांधावयास घेतला. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर हल्ला केला आणि दोघेही हात हलवीत परतले. आत गोड्या पाण्याची सोय आहे, आंग्रे घराण्याने 1759 मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि तटावर इंग्लंडातील लो मूर येथे ओतलेल्या दोन तोफा अजून चाकांवर उभ्या आहेत. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीला होडी लागते. आणि ‘ओहोटी केव्हा’ हा प्रश्न न विचारता ठरविलेल्या सहलींना किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागतो.

याबाबत एक उपयुक्त गोष्ट सांगते. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन चोक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. आता आपली हिब्रू तारीखही चंद्रावरच चालते. रोश होदेश अमावास्येला लागून येतो आणि पंधराव्या तारखेस पौर्णिमा असते. म्हणून पंचांग जवळ नसले तरी आपल्या तारखेने हाच हिशेब मांडता येतो. तारीख पंधराच्या पुढे असेल तर आधी त्यातून पंधरा वजा करावेत, इतकेच. एखाद्या दिवसाचा फरक पडतो आणि वेळ तासाभराने इकडेतिकडे होते. पेसाहच्या आठवड्यात 18 निसानला तीन तिरके नऊ, भागिले चार, म्हणजे सव्वादोनला भरती आणि सकाळी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. हनुक्काच्या अखेरीस, 2 तेवेथच्या आसपास, ओहोटी सकाळी साडेसात-आठला येते. दोन्ही वेळा चालण्यास उत्तम. अष्टमीच्या सुमारास मात्र भांगाची भरती असते. पाणी नीट ओसरत नाही, त्या दिवशी चालत जाण्याचा बेत करू नये. अखेरचा शब्द किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा आणि घोडागाडीवाल्यांचा, हे विसरू नये, आणि परत फिरण्याची वेळ त्यांनी सांगितली की तोफा पाहायच्या राहिल्या तरी फिरावे.

या मुलांच्या खापरपणजोबांकडे छापील लुआह नव्हता. चंद्र पाहून ते सणही धरीत आणि समुद्रही ओळखीत. माझ्या बहिणीच्या नातवाने हा हिशेब वाळूत काठीने मांडला आणि पाणी खरोखर ओसरलेले पाहिले, तेव्हा त्याला जे कळले ते टाप्यापुढे उभे राहून कळले नसते.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप म्हाताऱ्या माणसांचा: गुडघे दुखतात, ऊन लागते. आजींनी किल्ल्यापर्यंत चालावे असा माझा आग्रह नाही. त्यांनी इस्राएल आळीत एखाद्या ओटीवर बसावे. रिक्षा मिळते, घोडागाडी मिळते. पण त्यांना हॉटेलात ठेवून नातवंडांनीच तेवढे जावे, याला मात्र माझा विरोध आहे. मराठी त्यांच्याजवळ आहे. ‘कोणाकडच्या?’ या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस बरोबर नसेल तर आळी मुकी राहते. आणि हे उत्तर देऊ शकणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. दहा वर्षांनी जाऊ, असे म्हणणाऱ्या कुटुंबांनी हा हिशेबही करून पाहावा. तोही फार अवघड नाही.

दुसरा आक्षेप सुटीचा. येथील शाळांची मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात पडते. त्या दिवसांत गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या लाँचा बंद असतात, किल्ल्याकडे फिरकता येत नाही आणि चिखलात चालणेही नको होते. म्हणून सुक्कोथनंतर, हनुक्कात किंवा पेसाहमध्ये जावे. पेसाहमध्ये उकाडा असतो, तेव्हा नऊच्या आत चालणे संपवावे. दिवस कमी मिळतात हे खरे. मग ताजमहाल या खेपेस वगळावा. 2020 पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते आणि मांडव्याहून अलिबाग सुमारे 20 किलोमीटर आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा त्रास पूर्वीइतका उरलेला नाही.

माझी सूचना याहूनही पुढची आहे. एक शब्बाथ अलिबागेत काढावा. शुक्रवारी दुपारी पोहोचावे. शब्बाथाला गाडीत बसायचेच नसते, त्यामुळे गावात पायी फिरण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. सहल आखणाऱ्याला वेगळा उपदेश करावा लागत नाही. ज्या सिनेगॉगमध्ये आज दहा पुरुष जमविणे सोपे नाही, तेथे आपल्या वीस-पंचवीस जणांच्या गटामुळे मिनियान होतो. मलिदा खाऊन देणगी देऊन निघणाऱ्या पाहुण्यांपेक्षा प्रार्थनेला उभी राहणारी माणसे तेथील मंडळींना अधिक हवी असतात, हे त्यांनी मला तोंडाने सांगितले नाही, पण आम्ही रविवारी निघालो तेव्हा निरोप द्यायला जे उभे होते त्यांच्याकडे पाहून मला ते कळले. किल्ला त्याच रविवारी करावा.

निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक काम मात्र घरीच उरकून घ्यावे. आजोबांना विचारून ठेवावे की घर कोणत्या गावी, कोणत्या आळीत होते, शेजारी कोण होते, विहीर घराच्या कोणत्या अंगाला होती आणि अंगणात झाड कशाचे होते. उत्तरे नातवंडाने आपल्या हाताने लिहून घ्यावीत, हिब्रूत लिहिली तरी चालेल, आणि कागद बरोबर न्यावा.